डिसेंबरात डिस्नी वर्ल्ड: सासूसासरे, सात वर्षांचा मुलगा, अडीच वर्षांची मुलगी. झेपेल का?

जर्सीतली_जाई

नमस्कार मंडळी. इथले फ्लोरिडाचे जुने धागे वाचून काढले पण त्यात अजून फास्टपास (रांग टाळायचा फुकट पास) आणि विमानतळावरून फुकट बस असं सगळं आहे, आता त्यातलं काहीच राहिलं नाही म्हणे, म्हणून नवीन धागा काढतेय, रागावू नका.

तर झालंय असं की सासूसासरे सप्टेंबरपासून आमच्याकडे आलेत फलटणहून, फेब्रुवारीअखेर परत जातील. आत्ताच पाच वाजायच्या आत अंधार पडतो आणि बाबा विचारतात आता जेवून झोपायचं का. म्हणून नवऱ्याच्या डोक्यात आलं की नाताळच्या सुट्टीत सगळ्यांना ऑरलँडोला न्यावं, जरा ऊनही मिळेल आणि मुलंही खूष. 25 ला जायचं, 30 ला परत. मधले चार दिवस, डिस्नीचे चार पार्क: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. त्याने एक्सेल शीट केलीय, सकाळी साडेसहाला उठणे ते रात्री फटाके बघून अकराला रूमवर असे सगळे रंगीत रकाने आहेत आणि ती शीट बघून माझ्या पोटात गोळा आलाय.

आई 68 च्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर अर्धा तास चालतात मग बसावं लागतं. बाबा 73, एकदम खणखणीत, डाळिंबाची बाग अजून स्वतः बघतात, पण रांग दिसली की पाच मिनिटांत "चला, बघितलं" म्हणतात. दोघं अंडंसुद्धा खात नाहीत. मुलगा रोलर कोस्टरसाठी वेडा झालाय, मुलगी कशालाही घाबरते आणि कशालाही हसते.

हॉटेल डिस्नीचंच घ्यावं की शेजारच्या किसीमी गावात किचनवालं घर घ्यावं, आईंचं चालण्याचं काय करायचं, खायचं काय, आणि मुळात हा आठवडा बरा आहे का? ज्यांनी आईवडिलांना घेऊन केलंय त्यांनी प्लीज लिहा.

अटलांटाकर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. बरा नाही. 25 ते 31 हा तिथला वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा. आषाढीला पंढरपूर पाहिलंय ना, तेच, फक्त सगळ्यांच्या डोक्यावर उंदराचे कान. आम्ही गाडीने सात तासांत पोचतो त्यामुळे चारपाच वेळा झालंय, त्यातलं एकदा 28 डिसेंबरला गेलो होतो आणि मॅजिक किंगडममध्ये मेन स्ट्रीटवरून किल्ल्यापर्यंत जायला अर्धा तास लागला, चालायलाच, राईड नाही. त्या दिवशी आम्हाला कळसदर्शनच झालं म्हणायचं.

मुलाच्या दोन दिवस शाळेला दांडी मारून एक आठवडा आधी जाता आलं तर बघा. किंवा जानेवारीत, तिथली मॅरेथॉन संपली की मार्टिन ल्यूथर किंगच्या लाँग वीकेंडच्या आधी मधले काही दिवस बरे मिळतात. तिकीटही तारखेप्रमाणे बदलतं, ऐन नाताळात मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं एका माणसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या घरात जातं. तुमची धाकटी तीनच्या आत आहे तिला तिकीट नाही, तेवढंच काय ते.

बाकी शीटबद्दल. चार दिवसांत चार पार्क म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. नवऱ्याला सांगा अटलांटाहून एक भाऊ म्हणतोय.

जर्सीतली_जाई

हाहा, दाखवलं त्याला, तो म्हणतो अटलांटावाल्यांना काय, त्यांना वर्षातून तीनदा जाता येतं. तारखा बदलता येणार नाहीत हो, ऑफिसचं शटडाऊन तेव्हाच आहे आणि दोघांच्या रजा आईबाबा आले तेव्हाच संपल्यात. गर्दी आहे हे धरूनच चालायचं आहे आता.

निशा_के

मी मागच्या डिसेंबरात आईबाबांना घेऊन गेले होते, 26 ते 30 च, त्यामुळे सगळं ताजं आहे, जरा मोठं लिहितेय.

किसीमीचं घर स्वस्त पडतं, सहा जणांना तर नक्कीच, स्वयंपाकघर असतं, आईंना स्वतःचा चहा करता येतो हे सगळं खरं. पण मॅजिक किंगडमला गाडी थेट दारात जात नाही हे लक्षात घ्या. पार्किंगमधून आधी त्यांच्या ट्रान्सपोर्टेशन सेंटरला, तिथून मोनोरेल नाहीतर फेरीबोट, मग गेट. सकाळी मजा वाटते, रात्री फटाके संपल्यावर हजारो लोक एकदम त्याच वाटेने निघतात आणि कडेवर झोपलेलं पोर आणि दुखणारा गुडघा घेऊन ते नको होतं. डिस्नीच्या हॉटेलांच्या बस मात्र गेटाजवळच सोडतात आणि तिथूनच उचलतात. बसमध्ये व्हीलचेअर चढते, स्ट्रोलर मात्र घडी करून हातात धरावा लागतो, एवढं आधीच ठरवून ठेवा की तो कोण धरणार आणि मुलीला कोण, आमच्याकडे यावरून बसस्टॉपवर भांडण झालंय.

त्यातही स्कायलायनर, म्हणजे तिथला रोपवे, असलेलं हॉटेल घ्या. पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन, कॅरिबियन बीच आणि रिव्हिएरा. 2019 ला सुरू झाला, आपल्या रायगडच्या रोपवेसारखंच पण सपाटीवर, एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओजला नेतो. व्हीलचेअर तशीच्या तशी आत जाते, त्यासाठी पाळणा वेगळ्या बाजूला घेऊन पूर्ण थांबवतात. आईला सगळ्या ट्रिपमध्ये हेच सगळ्यात आवडलं, आम्ही एक दिवस नुसतं बसून इकडून तिकडे फिरलो, त्याला तिकीट नाही लागत. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनमध्ये फॅमिली स्वीट असतात, सहा जण मावतात, दोन बाथरूम, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. दोन बाथरूम हा मुद्दा दोनदा वाचा. साध्या रूममध्ये फ्रिज असतो पण मायक्रोवेव्ह नसतो.

हॉटेलवाल्यांना लायटनिंग लेन (पैसे भरून मिळणारी छोटी रांग) सात दिवस आधी बुक करता येते, बाहेरच्यांना तीन दिवस आधी, त्या गर्दीत हा फरक फार मोठा आहे. शिवाय हॉटेलवाल्यांना पार्क अर्धा तास लवकर उघडतात. त्या अर्ध्या तासासाठी फक्त नवरा आणि मुलगा जाऊ देत, तुम्ही बाकीचे नाश्ता करून दहाला या.

व्हीलचेअर घ्याच. आई नको म्हणतील, माझीही म्हणाली, "लोक काय म्हणतील मला काय झालंय". शेवटी आम्ही रोजची भाड्याने घेतली आणि सांगितलं की ही पिशव्या ठेवायला आहे. दुपारी बारापर्यंत पिशव्या आईच्या मांडीवर आणि आई खुर्चीत. मात्र व्हीलचेअर आहे म्हणून रांगेतून सूट मिळत नाही हं, तो समज काढून टाका. वेगळी सोय असते ती 2024 पासून मुख्यतः ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीच ठेवलीय, गुडघ्याला नाही मिळत.

आणि दुपारी परत या. एक ते पाच रूमवर. स्विमिंग पूल गरम असतो, मुलं पाण्यात, म्हातारे आडवे. संध्याकाळी ज्याला जायचं त्याने जावं.

खादाड_बोका

खायचं मी सांगतो, बाकीचं मला कळत नाही.

बाहेरचं खाणं आत नेता येतं. काचेची बरणी आणि सुटा बर्फ चालत नाही, बाकी दशम्या, चिवडा, भडंग, लाडू सगळं खुशाल न्या, बॅग तपासणारा डब्यात डोकावतो आणि सोडतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, कुठल्याही काउंटरवाल्या खाण्याच्या ठिकाणी गार पाण्याचा ग्लास फुकट देतात, मागायचा फक्त. धाकटीचा वरणभात गरम करायचा असेल तर प्रत्येक पार्कात बेबी केअर सेंटर असतं, तिथे मायक्रोवेव्ह असतो आणि बसायला शांत जागा. रूमवर राईस कुकर लावायच्या भानगडीत मात्र पडू नका, चालत नाही ते, आणि अलार्म वाजला तर अख्खं हॉटेल पायजम्यात खाली.

मेनूवर हिरवं पान असेल तर तो पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य, म्हणजे अंडंही नाही. अ‍ॅनिमल किंगडममध्ये सातूली कँटीनला टोफूचा बोल मिळतो, बाबांना सांगा पनीर आहे. सूप आणि बीन्स मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि सना. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलात किदानी व्हिलेज म्हणून भाग आहे, त्यात. पार्कचं तिकीट लागत नाही, फक्त टेबल आधी बुक करायचं. ब्रेड सर्व्हिस मागवायची, नान वगैरे पाच प्रकार आणि सोबत नऊ वाट्या, चटणी, रायतं, लोणच्यासारखं कायकाय. सहा जणांना दोन मागवा. आणि खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात, अगदी जवळ. दिवसाउजेडी जा हां, अंधारात जिराफ दिसत नाही. मी वीसेक ठिकाणी खाल्लंय तिथे पण नान खाताना समोर जिराफ हे दुसरीकडे कुठे नाही मिळालं.

रोखठोक

सहा जणांचे विमान, हॉटेल, तिकिटं मिळून जे होईल त्यात फलटणला एक बोअर मारून होईल. माणसांना आणि मुलांना पाणी आणि प्राणी बघायचे असतील तर ब्लू स्प्रिंग स्टेट पार्कला जा, ऑरलँडोहून तासाभराच्या आत आहे, झऱ्याचं पाणी बारा महिने 22 अंश असतं म्हणून थंडीत नदीतले मॅनेटी (समुद्रगायी) तिथे उबेला येतात, शेकड्यांनी. लाकडी वाट आहे, आई आरामात चालतील. गाडीमागे सहा डॉलर. जितकी थंडी जास्त तितके मॅनेटी जास्त, पण सकाळी लवकर पोचा, पार्किंग भरलं की गेट बंद करतात.

अटलांटाकर

रोखठोक, बोअरला पाणी लागेल याची खात्री आहे का तुम्हाला? :)

पण मॅनेटीचं अनुमोदन. गाडी घेणार असाल तर केनेडी स्पेस सेंटरही तासाभरावर आहे, अटलांटिस यान तिथे असं तिरकं टांगलंय की जणू अजून उडतंय, बाबांसारख्या माणसाला ते रोलर कोस्टरपेक्षा आवडेल. तिथे एक मोठा काळा आरसा आहे, मोहिमेत किंवा सरावात जीव गमावलेल्या अंतराळवीरांची नावं त्यावर कोरलीत, त्यात कल्पना चावला आहे. माझे वडील तिथे बराच वेळ काही न बोलता उभे राहिले होते.

मुलाची उंची घरीच मोजून ठेवा. 44 इंच भरला तर स्पेस माउंटन, एव्हरेस्ट, फ्लाइट ऑफ पॅसेज या सगळ्या राईड उघड्या. ट्रॉनला 48 लागतात, ते बहुतेक नाही होणार, आधीच सांगून ठेवा नाहीतर गेटवर रडारड. आजीआजोबा धाकटीला घेऊन बसणार असतील तर तुम्ही दोघं मुलाबरोबर एकदम बसू शकता, ते नसतील तेव्हा रायडर स्विच मागा, म्हणजे एकाने मुलगी धरायची आणि दुसरा आला की पुन्हा रांग न लावता जायचं.

अंगणातली_तुळस

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचते. पण या धाग्यात सगळे आजीला कुठे बसवायचं यावरच बोलताहेत आणि मी स्वतः आजी आहे, नाशिकची, त्यामुळे लिहावंसं वाटलं.

मुलगा टेक्सासला आहे, त्यांनी मला आणि यांना पाच वर्षांपूर्वी डिस्नी वर्ल्डला नेलं होतं. मुलगा सून गुणी आहेत, काही कमी केलं नाही. पण चार दिवस माझं काम काय होतं तर बाकावर बसून सगळ्यांच्या पर्सा, जॅकेटं आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. "आई, तुम्ही इथेच बसा, आम्ही आलोच." ते आलोच म्हणजे दीड तास. पहिल्या दिवशी मी माणसं बघत बसले, छान वाटलं. दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी मी यांना म्हटलं चला, आणि आम्ही दोघं उठून त्या टॉमॉरोलँडमधल्या वरून फिरणाऱ्या गाडीत बसलो, पीपलमूव्हर म्हणतात. रांग जेमतेम दहा मिनिटांची, दचके नाहीत, अंधार थोडासाच, वारा लागतो आणि सगळी बाग वरून दिसते. तीनदा बसलो. मुलगा शोधत होता आम्हाला. एवढंच की वर चढायला सरकती पट्टी आहे आणि डबेही चालते असतात, गुडघ्याचं बघून चढा, नातवाचा हात धरला की होतं.

एपकॉटला काचघरातून एक बोट जाते, लिव्हिंग विथ द लँड नावाच्या राईडमध्ये, पंधराएक मिनिटं. मातीशिवाय टांगलेली टोमॅटोची झाडं, वेलींना आलेले मोठे मोठे भोपळे, मासे पाळलेले. डाळिंबवाल्या आजोबांना तिथे सोडा आणि विसरून जा. जगातले देश मांडलेत तेही तिथेच, तळ्याभोवती अकरा देश. आमच्या यांनी पूर्ण चक्कर मारून विचारलं, आपला कुठाय? नाहीये आपला. अ‍ॅनिमल किंगडममध्ये आनंदपूर नावाचं खोटं गाव केलंय, जुन्या महालात वाघ ठेवलेत, तिथे जरा घरच्यासारखं वाटतं, भिंतींचे पोपडेसुद्धा अगदी आपल्याकडच्यासारखे निघालेले. तिथली सफारी सकाळी करा पण ट्रक फार आदळतो, पाठीला पट्टा बांधून बसले होते मी.

दुपारी ऊन आणि संध्याकाळी एकदम गारठा, पहाटे तर कधी आठ-दहा अंश. मुलं म्हणतात हे काय थंड आहे का. आपण फटाक्यांसाठी तासभर नुसते उभे असतो तेव्हा लागतं. कानटोपी घ्या.

आणि जाई, एक विचारू? सासूबाईंना विचारलंस का त्यांना काय बघायचंय? तुझ्या लेखात त्यांचा गुडघा आहे, त्या नाहीत. राग मानू नकोस, मला माझ्या सुनेनेही नव्हतं विचारलं आणि मीही सांगितलं नव्हतं, त्यामुळे दोष निम्मा माझा.

निशा_के

काकू, मी हे वाचून आत्ता आईला फोन लावला आणि विचारलं की मागच्या वर्षी तुला काय करायचं होतं. ती म्हणाली त्या गरगर फिरणाऱ्या कपबश्यांच्या राईडमध्ये बसायचं होतं. कपबश्यांत! आम्ही तिला चक्कर येईल म्हणून बसवलंच नव्हतं.

जर्सीतली_जाई

काकू राग कसला, मी रात्री हे वाचलं आणि सकाळी चहाला दोघांना विचारलं. खरं सांगते दोन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं.

बाबा म्हणाले बर्फ नाही ना तिथे, मग कुठेही चला. मग बोटीचं सांगितलं तर सगळे प्रश्न त्याच्यावरच, ठिबक आहे का, पाण्यात खत कसं सोडतात, फोटो काढू देतात का. अटलांटिस पण बघायचंय. आईंनी आधी "मला काय, मुलांना आवडेल ते" हे नेहमीचं केलं. मग भांडी आवरता आवरता म्हणाल्या, त्या उंदराबरोबर एक फोटो हवाय, एकटीचा, भिशीच्या बायकांना पाठवायला. आणि तो फोटो खुर्चीत बसून नको, उभं राहून हवाय. बरं म्हटलं.

तर नवी शीट अशी की 26 ला सगळे मॅजिक किंगडम पण दुपारी परत, आईंचा मिकी पहिल्या तासात, तो आत शिरल्या शिरल्या मेन स्ट्रीटवरच भेटतो म्हणे. 27 ला पार्क नाही, झोप, पूल, स्कायलायनर आणि सना. 28 एपकॉट. 29 ला नवरा आणि मुलगा दोघंच अ‍ॅनिमल किंगडम, आणि मी बाबांना गाडीने केनेडीला नेणार, आई म्हणाल्या मी धाकटीला घेऊन स्विमिंग पूलपाशी बसते, मला एक दिवस तुम्ही सगळे नकोय. म्हणजे आईबाबांना दोनच दिवसांचं तिकीट पुरतं, नवरा आणि मुलाला तीन, हे आधी आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही सगळ्यांची चार-चार धरून हिशोब करत होतो. वाचलेल्या पैशात फॅमिली स्वीट बसतो. हॉलीवूड स्टुडिओज गेलं, नवरा थोडा घुम्म आहे, होईल ठीक.

मॅनेटी 30 ला विमानाआधी जमतायत का बघते. पहाटे थंडी पडली तरच, नाहीतर नाही.

काकू, कपबश्या आमच्याही यादीत टाकल्यात.

एक शेवटचा प्रश्न, आईंनी आत्तापासून डिंकाचे लाडू करायला घेतलेत, ते विमानात हातातल्या बॅगेत चालतात का? आणि लोणचं?

अंगणातली_तुळस

फोटो इथे नको टाकूस पण त्या उभ्या राहिल्या का ते नक्की सांग.

खादाड_बोका

लाडू हातातल्या बॅगेत चालतात, फक्त स्कॅनरवर गोल गोल दिसतात म्हणून बाहेर काढायला लावतील, वरच ठेवा. लोणचं चेक-इनमध्ये, दोन झिपलॉक आणि वरून टॉवेल, हातात नेलंत तर ते पातळ म्हणून काढून घेतात.

किती लाडू होतायत साधारण? मी 28 ला एपकॉटलाच आहे.